तुटलेल्या बोल्टचा धडा

आम्हां कॉमर्सच्या विद्यार्थ्यांचा पान्याशी संबंध तसा कमीच. जमाखर्च, ताळेबंद आणि घसारा यांत आमची वर्षे जातात. वापराने मालमत्ता झिजते हे आम्ही पुस्तकात शिकतो. पण झिजलेली मालमत्ता हातात घेऊन पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. गेल्या दिवाळीत तो माझ्यावर आला. घरच्या गाडीचे ब्रेक दुरुस्त करताना माझ्या हातून एक बोल्ट तुटला. तो का तुटला, आणि तुटल्यावर काय करावे व काय करू नये, हे मी त्या चार-पाच दिवसांत शिकलो. तेच येथे मांडत आहे.

आमची गाडी माझ्याहून वयाने मोठी आहे. बेळगावचा पाऊस आणि तांबडी माती तिने वीसहून अधिक वर्षे अंगावर घेतली आहे. भाऊबीजेला बाबांना आत्याकडे सावंतवाडीला जायचे होते, म्हणजे आंबोली घाट उतरायचा होता. ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून करकर आवाज येई. पॅड झिजले होते. बाबांनी हे काम पूर्वी अनेकदा केलेले. या वेळी मीच पुढे होऊन म्हटले, 'बाबा, मी करतो.'

ज्यांना ही रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. ब्रेक दाबल्यावर दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. हे आवळण्याचे काम करणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. आमच्या गाडीत तो दोन बोल्टनी एका ब्रॅकेटवर बसवलेला आहे. खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर उचलता येतो आणि पॅड बदलता येतात.

पाडव्याच्या दुपारी उजवे चाक अर्ध्या तासात झाले. डाव्या चाकाचा खालचा बोल्ट मात्र हलेना. दोन तास गेले. शेवटी मी पान्याच्या दांड्यात दोन फुटी पाइप घातला. बाबा म्हणाले, 'पाइप कशाला लावालास? तेल सोड आणि उद्या बघ.' तेवढ्यात पाडव्याला भेटायला पाहुणे आले आणि बाबा आत गेले. मी पाइपवर जोर दिला. बोल्ट हलल्यासारखा वाटला, मग हाताला मऊ लागला, आणि क्षणात त्याचे डोके पान्यातच राहिले. उरलेला भाग ब्रॅकेटच्या पृष्ठभागाशी सपाट तुटून आत अडकला.

आता यातले गणित पाहा. बोल्ट आठ मिलिमीटरचा होता. अशा बोल्टला आवळताना साधारण २५ न्यूटन-मीटर पीळ दिला जातो. पंधरा सेंटिमीटरच्या पान्यावर वीस किलोंचा, म्हणजे सुमारे २०० न्यूटनचा जोर दिला तर पीळ ३० भरतो. तोच जोर साठ सेंटिमीटरच्या पाइपच्या टोकावर दिला तर १२० भरतो. हाताला कष्ट तेवढेच वाटतात, बोल्टवर मात्र चौपट भार येतो. त्याच्या डोक्यावर ८.८ असे आकडे कोरलेले होते. पहिल्या आठाचा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताणापर्यंत तो तग धरतो. दुसऱ्या आठाचा अर्थ, त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० वर तो कायमचा ताणला जातो आणि पूर्ववत होत नाही. मला जो मऊपणा जाणवला तो हाच. घट्ट बोल्ट सुटतो तेव्हा बहुधा 'कट्' असा आवाज येतो. तुटण्यापूर्वी तो रबरासारखा लागतो. तो इशारा कळला की हात थांबवावा.

त्यात गंजाची भर होती. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमध्ये पाचर ठोकल्यासारखे होते. पण दोष केवळ गंजाचा नव्हता. अर्थशास्त्रात आपण बुडीत खर्च शिकतो: जो खर्च होऊन गेला तो परत मिळत नाही, म्हणून पुढचा निर्णय घेताना तो धरू नये. मी मात्र 'दोन तास घातलेत, आता सोडायचे नाही' या हट्टाने पाइप लावला. परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते.

यापुढची गोष्ट सांगायला संकोच वाटतो. बोल्टचे डोके मी खिशात टाकले. मनात आले, वरचा बोल्ट शाबूत आहे. चाक चढवले की कुणाला दिसणार? दहा-पंधरा मिनिटे मी तसाच बसून राहिलो. खालचा बोल्ट नसेल तर कॅलिपर वरच्या बोल्टभोवती फिरू शकतो, चाकाच्या रिमला घासू शकतो, ब्रेकतेलाची रबरी नळी ताणून तोडू शकतो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पाहुणे गेल्यावर मी डोके बाबांच्या हातावर ठेवले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, 'गाडी चार दिवस चालली नाही तरी चालेल. पण थांबायच्या वेळी थांबली नाही, तर चालणार नाही.'

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने गेलो. घाटाच्या प्रत्येक वळणावर मला खिशातला तो तुकडा आठवत होता.

दिवाळी संपल्यावर ब्रॅकेट सोडवून मी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये नेले. त्याआधी कॅलिपर तारेने वर बांधून ठेवला. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, आणि तो मोकळा असताना ब्रेकचे पेडल कुणी दाबू नये. दाबल्यास आतला पिस्टन बाहेर येतो. गाडीही नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवली होती.

तिथले मिस्त्री कानडी बोलणारे. तुकडा पाहून हसले आणि म्हणाले, 'अवसर माडब्याड.' घाई करू नकोस. आपल्या मराठीत अवसर म्हणजे सवड, संधी; कानडीत अवसर म्हणजे घाई. दोन्ही भाषा बोलणाऱ्या माझ्यासारख्याला त्या दिवशी दोन्ही अर्थ एकदम लागू पडले. सवड होती तेव्हा मी घाई केली होती.

तुटलेला बोल्ट काढण्याचे मार्ग त्यांनी क्रमाने सांगितले. थोडा भाग वर उरला असेल तर तेल सोडून, तासाभराने, पकडपान्याने पुढे-मागे हलवत काढावा. सपाट तुटला असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करावे. तेही जमले नाही तर बरोबर मध्यावर पंच मारून, आधी बारीक मग मोठे, अशी छिद्रे पाडावीत. छिद्रात उलट आट्यांचे हत्यार घालून काढणारेही असतात. पण ते हत्यार कठीण आणि ठिसूळ असते. ते आत मोडले तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही आणि दुखणे दुप्पट होते.

आमच्या ब्रॅकेटवर त्यांनी नट वेल्ड केला. त्याआधी रबरी टोप्या काढल्या. ब्रेकच्या चालू भागांजवळ घरी ज्योत लावू नये, कारण ब्रेकतेल पेट घेते. नट थंड झाल्यावर पाना लावून, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, असे करीत त्यांनी तुकडा बाहेर काढला. उष्णतेने गंजाची पकड सुटली होती. मग आठ मिलिमीटरचा टॅप फिरवून आटे साफ केले.

नवा बोल्ट घेताना आणखी एक गोष्ट कळली. जुने कारागीर सुतात मोजतात. अडीच सूत म्हणजे पाच-सोळांश इंच, म्हणजेच ७.९४ मिलिमीटर. डोळ्यांना तो आठ मिलिमीटरचाच वाटतो, पहिला-दुसरा फेरा बसतोही. पण आट्यांमधले अंतर वेगळे असल्याने पुढे जबरदस्ती केली की ब्रॅकेटचे आटे जातात. म्हणून ब्रेकसाठी त्याच गाडीचा, त्याच प्रतीचा बोल्ट घ्यावा. तो पीळ मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकाच आवळावा. पुस्तिकेत सांगितले नसेल तर आट्यांना तेल लावू नये, कारण तेलामुळे त्याच पिळाला बोल्ट अधिक ताणला जातो. गंजावर सोडायचे तेल ब्रेकच्या आतल्या रबराला लागू देऊ नये; रबर फुगते. काम झाल्यावर गाडी सुरू करण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबावे, आणि पहिली फेरी गल्लीतच हळू मारावी.

आता जमाखर्च. बोल्टचे चाळीस रुपये, वर्कशॉपचे तीनशे, बसचे तिकीट वेगळे. आदल्या रात्री तेल सोडले असते तर यांतले बहुधा काहीच लागले नसते.

डिसेंबरात आम्ही पुन्हा सावंतवाडीला निघालो, या वेळी आमच्या गाडीने. निघण्यापूर्वी बाबांनी दोन्ही चाकांचे बोल्ट स्वतः तपासले. मला त्याचे वाईट वाटले नाही. आंबोलीला चहासाठी त्यांनी ब्रेक दाबला. करकर आवाज न करता गाडी थांबली.