फॉर्म भर गं, लाजू नकोस

अगं, स्कॉलरशिपचा फॉर्म तू भरलाच नाहीस, असं तुझी आई सांगत होती. स्कॉलरशिपवाल्यांची नावं वर्गात मोठ्याने वाचतात म्हणे. मेसचे पैसे थकलेत ते वेगळंच. आणि वर तू म्हणतेस, "माझ्या डोक्यात काही शिरत नाही, मी कॅसलरॉकला परत येते."

तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तोडणीआधी हात रिकामे असताना आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर त्याच माणसांना कोडी घातली. आधी कमी जमली, नंतर जास्त. पैशांचा घोर माणसाची बरीच अक्कल स्वतःच खाऊन टाकतो गं.

वर्गात नाव पुकारण्याची तुझी भीतीही मला खुळी वाटत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी दिली. जिथे जात कुणी काढली नाही तिथे दलित मुलं सवर्णांच्या बरोबरीने ती सोडवत होती. ज्या गटात सगळ्यांसमोर जात पुकारली, तिथे दलित मुलांची कोडी कमी सुटली. पोरं हुशारच होती, नजरांनी त्यांना गार केलं.

उत्तर कन्नडातल्या, मूळ आफ्रिकेतून आलेल्या आपल्या सिद्दी समाजाची 2003 मध्ये अनुसूचित जमातीत नोंद झाली. दाखला हातात आला, पण तुझ्या केसांकडे टक लावून बघणारे काही कमी झाले नाहीत. पिढ्यानपिढ्या इथल्या मातीत राबूनही "तुम्ही आफ्रिकेतल्या का?" हे ऐकावं लागतंच. म्हणून तू मैत्रिणींना "मी लोंढ्याची" सांगतेस, तेही कळलंय मला. रागावले नाही. पण ते खोटं रोज सांभाळायलाही डोकं लागतं, आणि ते तुला अभ्यासाला हवंय.

ऑफिसातली गर्दी ओसरली की एकटी जा. नाव वर्गात वाचू नका, असं क्लार्कला सरळ सांग. ऐकलं नाही तर प्राचार्यांना लेखी अर्ज दे. मेसचे पैसे हप्त्याने घ्याल का, हे वॉर्डनला विचार. एका तरी मैत्रिणीला खरं गाव सांग.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर. रात्री-अपरात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत, कन्नडमध्ये बोलता येतं. तू राहतेस त्या धारवाडातच डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं हॉस्पिटल आहे, तिथे जायला वेड लागावं लागत नाही.

परत यायचं तर सुट्टीत ये. आधी फॉर्म भर, आणि पोच मागून घे.