थेंब, धूळ आणि बांध : दोन म्हणींचा तौलनिक अभ्यास

प्रास्ताविक

म्हण हे लोकानुभवाचे सूत्ररूप असते. एकच अनुभव दोन भाषा कशा रीतीने शब्दबद्ध करतात, हे या पाठात आपण पाहू.

विषय-विवेचन

'चिरी मो त्सुमोरेबा यामा तो नारु' ही जपानी म्हण आहे. 'चिरी' म्हणजे धूळ, 'यामा' म्हणजे डोंगर. साठत गेली तर धुळीचाही डोंगर होतो, असा तिचा अर्थ. आपली 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण याच आशयाची आहे.

रचना मात्र भिन्न आहे. जपानी म्हणीतील 'मो' म्हणजे 'सुद्धा'. 'त्सुमोरेबा' हे क्रियारूप 'साठली तर' अशी अट उघडपणे घालते. मराठी म्हणीत 'जर-तर' नाही. 'थेंबे' यातील 'ए' हा तृतीयेचा जुना प्रत्यय होय. द्विरुक्तीमुळे एकामागून एक पडणारे थेंब सूचित होतात. 'साचे' हे आज रीतिभूतकाळाचे रूप मानले जाते. म्हणीत मात्र त्याचा जुना वर्तमानकाळी अर्थ टिकून आहे.

तरीही अट मराठीतही आहे. ती 'साचणे' या क्रियापदात दडली आहे. पाऊस सर्वत्र पडतो, परंतु पाणी साचते ते खोलगट जागी किंवा बांध घातलेल्या ठिकाणी. उतारावरचे थेंब वाहून जातात.

एक उदाहरण पाहा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' या संस्थेची ही सुरुवात. पुढे हजारो स्त्रिया तिच्यात आल्या. येथे थेंब म्हणजे रोजची मजुरी. बांध म्हणजे प्रत्येक सभासद भगिनी संस्थेची मालक, हे तत्त्व.

सारांश

लहान आरंभ पुरेसा नसतो. त्याला धरून ठेवणारी व्यवस्था लागते. नोकरी आणि घर सांभाळून रात्री अर्धा तास वाचणाऱ्या आपणांस हे वेगळे सांगावयास नको. तो अर्धा तास थेंब आहे. ठरलेली वेळ आणि टिपणवही हा त्याचा बांध.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. 'साचणे' आणि 'साठवणे' यांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. जुने क्रियारूप टिकून असलेल्या आपल्या परिसरातील दोन म्हणी नोंदवा.