फोटो राहिले, नावं गेली

सुरतच्या भेस्तानमधल्या आमच्या घरी आईच्या ट्रंकेत तीनशेच्या वर फोटो होते. वडील अमळनेरहून पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला आले तेव्हापासूनचे. खानदेशातल्या कानबाई देवीचे रोट, अखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या आत्या, चाळीतली लग्नं. ऑगस्ट 2006मध्ये तापीला पूर आला, तेव्हा रांदेरच्या मामांच्या अल्बमचा लगदा झालेला मी डोळ्यांनी पाहिला होता. म्हणून पुढे मी आमचे सगळे फोटो स्कॅन केले आणि रोज रात्री जेवणं आटोपली की आईला घेऊन कॉम्प्युटरसमोर बसू लागलो. ती सांगायची, मी फोटोखालच्या वर्णनाच्या रकान्यात टाइप करायचो.

एका फोटोवर ती बराच वेळ थांबली. कानबाई विसर्जनाला निघालेली, मागे अंगणात ओळीनं उभ्या आठ बायका. पहिलीवर बोट ठेवून म्हणाली, "हाई मी शे." मग पुढच्या एकेकीचं नाव, सासर, माहेर. पदराचं टोक दातांत धरलेली सहावी बाई पुढे कुठे गेली, तेही तिनं सांगितलं. मी सगळं लिहिलं.

दीड वर्षानं आई गेली. त्याच पावसाळ्यात हार्ड डिस्क बंद पडली. पेन ड्राइव्हवर फोटोंची नक्कल होती, म्हणून मी निर्धास्त होतो. नव्या लॅपटॉपवर फोटो उघडले तर सगळे होते, पण वर्णनाचा रकाना कोरा. मी लिहिलेला मजकूर फोटोच्या फाइलमध्ये कधी गेलाच नव्हता. तो त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होता आणि डिस्कबरोबर गेला.

म्हणून कळकळीनं सांगतो, शंभर फोटोंवर लिहायच्या आधी एकावर लिहा. ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्या, वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. मजकूर दिसला तरच पुढे जा. डिजिकॅमसारख्या मोफत प्रोग्रॅमच्या मेटाडेटा सेटिंगमध्ये वर्णन फाइलमध्येच लिहिण्याची सोय असते. तिथे खूण केलेली आहे ना, ते बघून घ्या.

रकान्यांतही फरक आहे. कॅमेऱ्याच्या एक्झिफ नोंदीतला वर्णनाचा रकाना मुळात इंग्रजी अक्षरांसाठी बनलेला, त्यात मराठी बिघडू शकतं. वृत्तछायाचित्रकारांसाठी ठरलेल्या जुन्या आयपीटीसी पद्धतीत वर्णनाला 2000 बाइटची मर्यादा, आणि युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे साडेसहाशे चिन्हांत सगळं बसवायचं. 2001 साली आलेल्या एक्सएमपी या नोंदपद्धतीत ही अडचण नाही. मराठीसाठी तेच बरं.

लिहिताना डावीकडून कोण कोण, गाव, प्रसंग आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा. स्कॅन केलेल्या फोटोला कॉम्प्युटर बहुधा स्कॅनचीच तारीख लावतो, म्हणून खरं साल वर्णनात घाला. नक्की नसेल तर 'अंदाजे' म्हणा. पाठीवर पेन्सिलीनं काही लिहिलेलं असेल तर तीही बाजू स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की वर्णन गळून पडतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकतं. आणि मजकूर फोटोबरोबर फिरतो, तेव्हा कुणाचा फोन नंबर किंवा पत्ता त्यात नको.

गेल्या वर्षी तो कानबाईचा फोटो मोठा छापून घेतला आणि उधन्याहून गाडी धरून अमळनेरला मावशीकडे गेलो. तिची नजर अधू झालेली. उन्हात ओट्यावर बसून तिनं दोघी ओळखल्या. पदर दातांत धरलेली तिलाही आठवेना. आता त्या फाइलमध्येच लिहिलं आहे: 'भेस्तान, कानबाई, अंदाजे 1984. डावीकडून पहिली आई, तिसरी धाकटी आत्या, पाचवी शेजारच्या काकू. शेवटच्या दोघी मावशीनं ओळखल्या. दुसरी, चौथी, सहावी: नावं माहीत नाहीत.'