पुण्याहून विमानाला निघताना

चिऊ, मुंबईच्या विमानतळावर गाडी करून जायचं की रेल्वे-मेट्रोने, यावरून घरात दोन तट पडलेत म्हणे. बाबा गाडीच्या बाजूचा, तू मेट्रोच्या. आत्याचं ऐकशील तर आधी घड्याळ बघ, मग बॅग, मग सोबत कोण आहे ते. पैशांचा हिशेब त्यानंतर.

१. तिकिटावरचं विमानतळाचं नाव बोट ठेवून वाच — डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात, आणि पनवेलजवळच्या त्या विमानतळावरून ऐनवेळी सहारच्या जुन्या विमानतळाला पळणं म्हणजे खाडी ओलांडून सगळ्या ट्रॅफिकमधून जाणं.

२. सहारचंच असेल तर टर्मिनलही वाच — १ आणि २ मध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे, आणि मेट्रोची स्टेशनंही दोघांची वेगळी.

३. वेळ नेहमी उलटी मोजायची. रात्री अडीचचं परदेशचं विमान, म्हणजे साडेअकराला विमानतळाच्या दारात. चार तास रस्त्याचे, एक घाटाचा, म्हणजे साडेसहाला घराबाहेर — सामान घेणारं काउंटर उड्डाणाच्या तास-सव्वा तास आधीच बंद होतं, मग कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाही. घाटाला तास उधार द्यावा; परत मिळाला तर बसून चहा प्यावा.

४. रविवारी संध्याकाळी निघणार असशील तर आणखी एक तास धर — लोणावळ्याला आलेली सगळी मुंबई त्याच वेळी घरी परतत असते.

५. मध्यरात्रीनंतरच्या विमानाला सरळ गाडी कर, इथे बाबाचं बरोबर आहे — मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास आवरती घेते, लोकलही एकनंतर पहाटेपर्यंत बंद. आठ-नऊलाच पोचून पुस्तक वाचत बसायची तयारी असेल तर मात्र मेट्रोने खुशाल जा.

६. संध्याकाळचं विमान आणि आटोपशीर सामान असेल तर तुझं बरोबर. सकाळच्या रेल्वेने सीएसएमटीला उतर आणि तिथूनच भुयारी मेट्रो ३ पकड, ती थेट टर्मिनल २ ला सोडते — ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, तेव्हापासून दक्षिण मुंबईतून विमानतळ गाठायला सिग्नल मोजत बसावं लागत नाही. आधी दक्षिणेला जाऊन पुन्हा उत्तरेला यायचं, हे उलटं वाटेल; पण मध्येच दादरला उतरून सामान घेऊन तिथला पूल चढण्यापेक्षा ते सुखाचं.

७. ठाण्याला थांबणारी गाडी असेल तर लोकलने घाटकोपर, मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो ३ चं एकच स्टेशन. पण हे फक्त पाठीवरच्या सॅकवाल्यांसाठी — तीनदा गाडी बदलायची, आणि सकाळच्या गर्दीत लोकलच्या दारात मोठी बॅग घेऊन उभं राहिलेल्या माणसाला ना चढता येत, ना उतरता.

८. आदल्या दिवशी भरलेली बॅग उचलून आपल्या जिन्याने एक मजला चढून बघ. मध्ये टेकवावी लागली तर रेल्वेचा विचार सोड — सरकता जिना बंद असायचा दिवस नेमका आपलाच असतो. बॅग फुगली की बेत बदलावा.

९. गाडी ठरवताना माणसं किती हे सगळेच सांगतात. तू बॅगा किती आणि केवढ्या तेही सांग, आणि गाडी सीएनजीची आहे का विचार — टाकीने डिकीची निम्मी जागा खाल्लेली असते, दुसरी मोठी बॅग मग कुणाच्या तरी मांडीवर येते. टपावर बांधायची वेळ आलीच तर ताडपत्री आहे ना, तेही बघ.

१०. चालकदादांना विचार, आज याआधी कुठली फेरी झाली का, जेवण झालं का — रात्रीच्या घाटात सगळ्यात महत्त्वाची त्यांची झोप. फूड मॉलला चहासाठी थांबू द्यायचं. त्या पंधरा मिनिटांची घाई करू नकोस.

११. शेअर टॅक्सी स्वस्त आणि चांगली, पण आपला उतरायचा नंबर कितवा ते आधी विचार — बाकीच्यांना एकेक करून सोडत गाडी फिरते, आणि विमान फक्त तुझं असतं.

१२. आई-आजी सोबत असतील तर दारातून दारात गाडीच. यावर चर्चा नको — आजी ‘मला काही होत नाही’ म्हणत पूल चढेल आणि पुढचे चार दिवस गुडघे धरून बसेल.

१३. पावसाळ्यात निघायच्या आधी दोन्ही घाटांची बातमी बघ, रस्त्याच्याही आणि रेल्वेच्याही — जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्यापाशी एक्सप्रेस-वेवर दरड कोसळली होती, आणि कर्जत-लोणावळ्यात दगडमाती रुळांवर आली की गाड्या रद्द होतात. मुंबईत सायनपाशी रुळांवर पाणी आलं की लोकलही थांबते. म्हणून पुढची गाडी मिळाली तरी विमान चुकणार नाही, अशी गाडी पकडायची.

१४. एक वाहन ठरव, दुसऱ्याचा नंबर फोनमध्ये ठेव — ॲपवरची गाडी पहाटे ‘ड्रॉप कुठे?’ विचारून रद्द होते, तेव्हा शोधाशोध करायला डोकं थाऱ्यावर नसतं.

१५. परत येशील तेव्हा बाबाला रात्री न्यायला बोलावू नकोस. तिथल्या प्रीपेड काउंटरवरून टॅक्सी घे, नाहीतर उजाडेपर्यंत आत बस आणि सकाळच्या मेट्रोने सीएसएमटी गाठून रेल्वेने ये — दिवसभर काम करून चार तास गाडी हाकत आलेला माणूस लगेच तोच घाट चढायला निघतो. माझा भाऊ ऐकणारा नाही, ‘मी येतोच’ म्हणेल. तूच ठामपणे नको म्हण.