यंदा शाळेत घालायचं का?

मे महिन्यात नाशिकला माझ्या ओपीडीत येणाऱ्या काही आयांच्या पिशवीत दोन कागद असतात, एक रक्ताचा रिपोर्ट आणि दुसरा शाळाप्रवेशाचा अर्ज. निफाडकडच्या एका ताईंनी दोन्ही टेबलावर ठेवले आणि बोट ठेवलं ते अर्जावर. “मॅडम, हिला यंदा पहिलीत घालायचं का? टाटाचे डॉक्टर म्हणतात घाला. सासूबाई म्हणतात, पोर आधी पूर्ण बरी होऊ दे, शाळा कुठं पळून चाललीय?”

पोर सहा वर्षांची. साडेचार वर्षांची असताना रक्ताचा कॅन्सर निघाला. परळला टाटा रुग्णालयात सात-आठ महिने काढले, आता घरी राहून गोळ्या चालू आहेत. ठरलेल्या तारखेला पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसनं मुंबई गाठायची आणि रात्री परत यायचं. केस बोटभर वाढलेत. मेन रोडवरून घेतलेलं नवं दप्तर तिच्या पाठीवर होतं आणि त्या दप्तरामुळे ती स्टुलाच्या अगदी कडेला बसली होती. पाठ तपासायला दप्तर काढावं लागलं, तेव्हा तिनं ते आईकडे दिलं नाही. स्वतःच्या मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

मी त्या ताईंना सांगितलं, घाला. सासूबाईंचा शब्द मायेपोटी आलेला आहे, हे मला कळतं. पण या आजारांत ‘पूर्ण बरं’ होण्याची तारीख कुठल्याच कॅलेंडरवर नसते. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर, ज्याला फाइलवर ‘एएलएल’ लिहितात, तो बहुतेक वेळा दोन ते पाच या वयात निघतो आणि त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं, कधी तीन वर्षं चालतात. त्यानंतरही तपासण्या असतातच. म्हणजे शाळा सुरू होण्याचं वय आणि उपचारांचा काळ एकमेकांवरच येतात. थांबायचं ठरवलं तर मूल आठ वर्षांचं होतं, आणि तेव्हा दुसरीच अडचण उभी राहते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की उशिरा आलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. नियम चांगलाच आहे. पण अक्षरओळख नसलेलं मूल थेट तिसरीच्या बाकावर बसतं आणि ते विशेष प्रशिक्षण पालकांना पाठपुरावा करून मिळवावं लागतं. आजारातून सुटलेलं मूल तिथं ‘ढ’ ठरतं, आणि ते लेबल मग सहजासहजी जात नाही.

सहा वर्षांच्या आत मात्र काही घाई नको. तीन-चार वर्षांच्या मुलाचा जोराचा किमो चालू असेल, तर बालवाडी बुडाली म्हणून काहीही बिघडत नाही. गोष्टी, माती, खडू, आजीसोबत शेंगा सोलणं हीच त्या वयाची शाळा. मुंबईत सेंट ज्यूड्ससारख्या संस्थेच्या घरांत राहणाऱ्यांना तिथेच थोडं शिकायलाही मिळतं. २००६ पासून ही संस्था कॅन्सरच्या मुलांना आईवडिलांसह मोफत राहायला जागा देते. तिथली वही जपून ठेवा, पहिलीच्या बाईंना दाखवायला उपयोगी पडते.

आता मुख्य प्रश्न: उपचार चालू असताना नेमकं कधी पाठवायचं? पहिले सहा ते नऊ महिने रक्तातल्या पेशी वरचेवर पडतात, दवाखान्यात राहावं लागतं, मूल थकलेलं असतं. त्या काळात शाळेचा आग्रह धरू नये. गोळ्यांचा लांबचा टप्पा सुरू झाला आणि दोन-तीन रिपोर्ट लागोपाठ स्थिर आले, की शाळेचा विचार करावा. रिपोर्टमध्ये पाहायचा आकडा म्हणजे एएनसी, जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा. तो छापलेला नसेल तर घरीही काढता येतो. एकूण पांढऱ्या पेशी २,४०० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के असतील, तर २,४०० गुणिले ४०, भागिले १००. उत्तर ९६०. साधारणपणे ५०० च्या खाली असेल तर घरी, हजाराच्या वर असेल तर शाळा, आणि मधल्या आकड्याला आपल्या डॉक्टरांना फोन. तुमच्या केंद्राने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा.

“पण शाळेत जंतू असतात ना?” असतात. मात्र पेशी पडल्यावर येणारा धोक्याचा ताप बऱ्याचदा मुलाच्या स्वतःच्या आतड्यांतल्या, तोंडातल्या, त्वचेवरच्या जंतूंमुळे येतो. त्यांना दाराबाहेर ठेवता येत नाही. घरात कोंडलेलं मूल सुरक्षित आहे असं आपल्याला वाटतं, आणि त्याच घरात दहा पाहुणे ‘बघायला’ येऊन जातात, गालाला हात लावतात. कुणी श्रद्धेनं रामकुंडावरून गोदामाईचं तीर्थ आणतं. २०२७ च्या सिंहस्थात तर ते घरोघरी येईल. तीर्थ देवघरात ठेवा, नमस्कार करा, पण पेशी कमी असलेल्या मुलाच्या ओठाला लावू नका. माझ्या मते चाळीस मुलांच्या वर्गात खिडकीशी बसून, हात साबणानं धुऊन, घरचं उकळलेलं पाणी पिणारं मूल लग्नाच्या मांडवात फिरणाऱ्या मुलापेक्षा कमी धोक्यात असतं. पोषण आहाराची खिचडी समोर गरम वाफाळत आली तर चालेल. फाटकाबाहेरचा बर्फाचा गोळा मुळीच नको.

खरी भीती बाळगायची ती गोवर आणि कांजिण्यांची. उपचार चालू असताना या मुलांना जिवंत विषाणूंच्या लसी देता येत नाहीत, म्हणून भावंडांच्या लसी पूर्ण हव्यात. शाळेला आधीच सांगून ठेवा: वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर दिसला की त्याच दिवशी फोन करा. गरज पडल्यास संरक्षणाचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि कांजिण्यांसाठी ते पहिल्या चार दिवसांत मिळालेलं सर्वांत चांगलं.

जूनमध्येच सुरुवात करायला हवी असंही नाही. पावसाची पहिली झड लागली की आमच्या ओपीडीत व्हायरल तापाची रांग लागते, मागोमाग डेंग्यू येतो. मूल अजून नाजूक वाटत असेल तर जूनमध्ये प्रवेश घेऊन ठेवा, पुस्तकं घरी आणा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्या सत्रात वर्गात बसवा. जूनमध्ये प्रवेशच राहून गेला तरी हरकत नाही. मुदत संपली म्हणून पहिली ते आठवीचा प्रवेश नाकारता येत नाही, हेही शिक्षण हक्क कायद्यात आहे. पहिला आठवडा फक्त छोट्या सुट्टीपर्यंत, मग मधल्या सुट्टीपर्यंत, आणि मूल स्वतः ‘अजून थांबू का’ म्हणालं की पूर्ण वेळ.

अशाच एका मुलीच्या वडिलांना एका शाळेनं ‘बरी झाल्याचं सर्टिफिकेट आणा’ म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा ते माझ्याकडे आले तेव्हा चिडलेले नव्हते, फक्त दमलेले होते, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून मी फिटनेसच्या ठरावीक नमुन्यावर सही करून थांबत नाही. शाळेला मराठीत एक पानाचं पत्र लिहिते. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे पहिलं वाक्य. शाळेत ताप १००.४ किंवा त्यावर गेला, अंगावर थंडी भरून आली, किंवा नाकातून रक्त येऊन थांबेना, तर आईला लगेच फोन करायचा, हे दुसरं. आपल्या मनानं कुठलीही गोळी द्यायची नाही, हे तिसरं. खाली दोन फोन नंबर आणि जवळच्या दवाखान्याचं नाव. एवढं हातात असलं की बाईंची भीती निम्मी कमी होते. ‘वर्गात काही झालं तर?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर देणं आपलं काम आहे.

तापाबद्दल पालकांनाही स्पष्ट सांगते. तो सकाळपर्यंत थांबण्याचा ताप नाही. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तर आधी फाइल दाखवा आणि कमरेत सुई घेऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर तिथं रक्त साकळतं, पेशी कमी असतील तर गळू होतं. तासाभरात मोठ्या दवाखान्यात पोचायचं.

पत्रात आणखी एक गोष्ट मी लिहिते, जी फारशी कुणाला माहीत नसते. किमोतलं व्हिन्क्रिस्टीन हे औषध बोटांच्या आणि पावलांच्या नसा काही काळ दुबळ्या करतं. त्या निफाडच्या मुलीला मी पेन्सिल धरायला दिली. तिनं ती मुठीत धरली, ‘अ’ची आडवी रेघ अर्ध्यावर आली आणि पेन्सिल घरंगळली. ती पटकन म्हणाली, “मला येतो अ.” येत होताच. तिनं तो टेबलावर बोटानं काढून दाखवला. अशा मुलाला बाईंनी आळशी म्हणू नये म्हणून हे लिहायचं. जाड पेन्सिल, पाटी, तोंडी उत्तरं चालवून घ्या. ताकद बहुतेकदा काही महिन्यांत परत येते. ज्या दिवसांत स्टेरॉइड चालू असतं त्या दिवसांत डबा दुप्पट लागतो आणि विनाकारण रडू येतं, तेही बाईंना सांगून ठेवलेलं बरं. मेंदूला किरणोपचार दिलेले असतील तर पुढे गणितात आणि लक्ष लागण्यात अडचण येऊ शकते. म्हणून दरवर्षी नव्या शिक्षकांना फाइलची ओळख करून द्या.

आता कॅन्सरखेरीज इतर आजारांविषयी. थॅलेसेमियाच्या मुलांबद्दल फार लिहायची गरज नाही. त्यांना शाळा उशिरा सुरू करण्याचं वैद्यकीय कारणच नसतं. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जमल्यास शनिवारी, आणि चढवण्याआधीच्या चार दिवसांत खेळाच्या तासाला सूट. छाती उघडून हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल तर छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पाठीवर दप्तर नको आणि कुणी काखेत हात घालून उचलू नये. शस्त्रक्रियेचा खर्च पुढे करून कुणी मुलाला घरी ठेवत असेल तर त्यांनी अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाला गाठावं. हे पथक ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, तो २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यातून आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून जन्मतः सदोष असलेली हृदयं दुरुस्त होतात. चौकशीला त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आणि शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे.

सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या सिकलसेलच्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. तिथं कधी यापेक्षा कुठे हे महत्त्वाचं. सहा वर्षांचं मूल घरापासून लांब आश्रमशाळेत राहायला गेलं, तर रात्री हातपाय ठणकायला लागल्यावर ते सांगणार कुणाला? त्रास वारंवार होत असेल तर सुरुवातीची वर्षं घरातून जाऊन-येऊन करता येईल अशी गावातली शाळा निवडा, असं माझं मत आहे. आश्रमशाळेतच घालावं लागलं तर अधीक्षकांना तीन गोष्टी लेखी द्या: पाण्याची बाटली सतत जवळ हवी, लघवीला जाऊ द्यायलाच हवं, आणि डिसेंबरच्या कडाक्यात गार पाण्याची आंघोळ नको. थंडी आणि शरीरातलं पाणी कमी होणं, दोन्हींनी सिकलसेलचं दुखणं उसळतं.

थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे तिन्ही आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहेत. प्रमाणपत्र काढून घ्या, शाळेत त्याचा उपयोग होतो. कॅन्सर त्या यादीत नाही. दोन-अडीच वर्षं उपचार घेणाऱ्या मुलाला घरी येऊन शिकवणारा शिक्षक हक्कानं मागता येत नाही, ही मला फार मोठी उणीव वाटते. ती भरून निघेपर्यंत आठवड्यातून एकदा वही घेऊन घरी येणारे गुरुजी आपल्यालाच शोधावे लागतात. जिल्ह्यात असे गुरुजी मी पाहिले आहेत.

शेवटी ज्या प्रश्नाचं उत्तर देताना माझाही आवाज बदलतो, त्याबद्दल. सिन्नरकडच्या एका मुलाला मेंदूची गाठ होती. उपचार थकले होते, हातात महिने होते. तो रोज शेजारच्या मुलांबरोबर फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. वडिलांनी विचारलं, “मॅडम, आता शाळेत घालून काय करायचं?” मी त्यांना विचारलं, तो काय म्हणतो? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्याला हजेरीत नाव पाहिजे.”

आम्ही मुख्याध्यापकांना भेटलो. त्याला दाराजवळचा बाक मिळाला, ऑफिसात एक सतरंजी आणि उशी ठेवली, आई व्हरांड्यात बसायची. सकाळी प्रार्थनेपासून छोट्या सुट्टीपर्यंत, जमेल त्या दिवशी. तो बारा दिवस गेला. आई नंतर सांगत होती की त्या दिवसांत संध्याकाळी तो कुणालाही टीव्ही लावू द्यायचा नाही, त्याचा गृहपाठ असायचा.

तुमच्या घरी असं मूल असेल तर शाळेकडे मागायचं ते एवढंच असतं: पटावर नाव, दाराजवळ जागा, टेकायला उशी आणि आईला बसायला एक खुर्ची. पत्र मी लिहून देईन.