ट्रकच्या एसीतले पाणी

२०२५ पासून देशात तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. आर्वीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की चालकाला त्याचे मोल कळते.

समजा, या एसीचा ड्रायर, म्हणजे गॅसमधला ओलावा शोषणारी डबी, बदलायचा आहे. आधी जुना गॅस यंत्राने काढून साठवतात. मग नवा ड्रायर बसवतात. आता लगेच गॅस भरावा का? छे! नळ्या उघडताच दमट हवा आत शिरलेली असते. तिच्यातले पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठले, तर गॅसची वाट अडते आणि केबिन थंड होत नाही.

म्हणून आधी पंपाने आतली हवा खेचून काढतात. दाब कमी झाला की पाण्याचा उत्कलनबिंदूही उतरतो. पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर दाबाला १०० अंशांवर उकळणारे पाणी सुमारे ७२ मिलिमीटर दाबाला ४५ अंशांवरच उकळते! त्याची वाफ पंप बाहेर टाकतो. घाईने पंप लवकर थांबवला, तर पाणी आतच राहते.

करून पाहा : पाणी उकळून, हाताला सोसेल इतके निवू द्या. बिनसुईच्या सिरिंजमध्ये थोडे घ्या, हवा काढा, तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या जोराने ओढा. काय दिसते?