ससा खात नाहीये? सकाळची वाट पाहू नका

प्रश्न : आमच्या सशाने काल रात्रीपासून गाजरालाही तोंड लावलेले नाही. लेंड्याही बंद आहेत. काय करावे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आत्ताच पशुवैद्यांकडे न्या. सशाचे आतडे सतत चालते राहावे लागते. दहा-बारा तास पोटात काही गेले नाही तर ते मंदावते, वायू साचतो, जीव धोक्यात येतो. पाठ कुबडून बसणे, दात खाणे ही वेदनेची खूण. कान गार लागले तर टॉवेलात गुंडाळून ऊब द्या. पोट टम्म असेल तर बळेच भरवू नका. घरातले अ‍ॅमॉक्सिसिलिन मुळीच देऊ नका. तोंडावाटे ते सशाला मारक ठरते. सशांवर उपचार होतात का, हे निघतानाच फोनवर विचारा. बरा झाला की गाजर अगदी थोडे, सुके गवत मात्र दिवसभर समोर असू द्या.